‘नाही’च्या चौकोनातली खूण

ग्लेंडा गेल्याचं मला दुपारी दोनला कळलं. ती गेली होती सकाळी दहा चाळीसला. मधले तीन तास वीस मिनिटं मी नेब्रास्कातल्या एका लहान गावच्या दवाखान्यात पडून होतो. खांदा निखळला होता, तीन फासळ्या मोडल्या होत्या. आत येणाऱ्या प्रत्येक नर्सला मी विचारत होतो, "माझ्या बायकोला कुठल्या खोलीत ठेवलंय?" प्रत्येक जणी म्हणायची, "विचारून सांगते." सांगायला कुणी परत आलं नाही.

शेवटी पाद्री आला. त्याने खुर्ची ओढून घेतली आणि बसला. तेव्हाच मला कळलं. बातमी बरी असती तर तो उभ्याउभ्या सांगून गेला असता.

त्याचं बोलणं संपल्यावर मी विचारलं, "कुणाला धडकली ती?"

"कुणालाही नाही. पुलाच्या खांबाला."

हा प्रश्न बायको गेलेल्या माणसाचा नाही, हे मला ठाऊक आहे. पण एकतीस वर्षं ट्रक चालवलेल्या माणसाच्या तोंडून पहिला तोच निघतो. चाळीस टन वजन घेऊन आपण लोकांमधून जातो. आपलं माणूस कुणाला घेऊन गेलं का, हे आधी विचारावं लागतं.

मग महामार्ग पोलिसांचा एक तरुण अधिकारी आला. त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली.

"रस्ता कोरडा होता, मिस्टर स्ट्राउड. स्वच्छ ऊन होतं. सरळ रस्ता. गाडी हळूहळू उजवीकडे गेली आणि जातच राहिली. ब्रेक लागल्याची एकही खूण नाही."

"फोन?"

"पर्समध्ये. बंद होता." त्याने मांडीवरची टोपी सरळ केली. "खांबाच्या पलीकडे दोनशे पावलांवर एक मोटार उभी होती. एक बाई बाळाचे कपडे बदलत होती. खांब मध्ये नसता तर..." वही उघडून म्हणाला, "झोप नीट व्हायची का त्यांची?"

"हो," मी म्हणालो. "गाडी हातात घेण्याआधी आठ तास झोपली होती."

ते खरं होतं. आठ तास ती ट्रकमधल्या बंकवर, झोपायच्या फळीवर, आडवी होती. त्याने ते लिहून घेतलं.

आमचं काम कसं असतं ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. आम्ही नवरा-बायको एकाच ट्रकवर चालक होतो. मी दहा तास चालवायचो, तेव्हा ती केबिनमागच्या बंकवर झोपायची. मग ती चालवायची आणि मी झोपायचो. गाडी थांबायची ती डिझेलपुरती, आंघोळीपुरती, माल उतरवण्यापुरती. मिसूरीतून निघालेला माल तिसऱ्या दिवशी ओरेगॉनला पोचवायचा तर दोन माणसं लागतात. जोडी नवरा-बायकोची असेल तर कंपनीला बरं. भांडून कुणी अर्ध्या रस्त्यात उतरून जात नाही.

त्याआधी मी बावीस वर्षं एकटा चालवत होतो. ग्लेंडा घरी असायची. आमची मुलगी शेल्बी तिनेच वाढवली. महिन्यातून चार दिवस मी पाहुण्यासारखा यायचो, गवत कापायचो आणि जायचो. शेल्बीचं लग्न झाल्यावर मी ग्लेंडाला म्हणालो, "परवाना काढ ना. माझ्याबरोबर चल."

ती म्हणाली, "त्रेपन्नाव्या वर्षी? लोक हसतील."

"हसू देत. तू त्यांना गाडीच्या आरशात मागे पडताना बघ."

काढला तिने. पहिल्याच खेपेत पास झाली. नऊ वर्षं आम्ही बरोबर हिंडलो. माझ्या आयुष्यातली चांगली वर्षं तीच. तिच्या हातची कॉफी, तिची बडबड, नकाशावर बोट ठेवून "इथे आपण कधीच थांबलो नाही" असं तिचं म्हणणं. पुढे जे झालं ते हे सोडवेना म्हणून झालं. पैशाचा त्यात संबंध नव्हता.

शेवटची चार-पाच वर्षं ती थकलेली असायची. आठ तास पडून उठायची आणि म्हणायची, "वेंडेल, मी झोपलेच नाही असं वाटतं." सकाळी डोकं दुखायचं. चर्चमध्ये दुसरं भजन संपायच्या आत मान खाली. चालवताना ती सूर्यफुलाच्या बिया चघळायची. आधी एक पुडी पुरायची, मग तीन लागायला लागल्या. थंडीतही खिडकी खाली असायची. मी म्हणायचो, "एवढ्या बिया खातेस, तुझ्या पोटात शेत उगवेल." ती हसायची. त्या बिया जागं राहण्यासाठी होत्या. एकतीस वर्षांच्या चालकाला हे कळू नये?

आमच्या धंद्यात झोपेत श्वास अडण्याच्या या आजाराला लपायला फार सोपी जागा आहे. चालत्या गाडीत कुणालाच झोप नीट लागत नाही, असं सगळेच म्हणतात. त्यामुळे थकव्याबद्दल कुणी विचारत नाही. आणि जोडीतलं एक माणूस झोपतं तेव्हा दुसरं इंजिनाच्या आवाजात पुढे बघत असतं. नऊ वर्षं मी माझ्या बायकोपासून चार फुटांवर होतो आणि तिची झोप मी ऐकली नव्हती. घरी आलो तरी पाठीच्या दुखण्यामुळे मी टीव्हीसमोरच्या आरामखुर्चीत झोपायचो आणि ती आत पलंगावर.

मला काहीच ठाऊक नव्हतं असं मात्र म्हणणार नाही. कधी माल उतरवायला रांग लागली की दोघं एकाच वेळी पडायचो, इंजिन बंद करून. तेव्हा ऐकलं होतं. ती घोरायची, मग एकदम शांत व्हायची. छाती हलायची, पण हवा आत जायची नाही. मग घशात काही अडकल्यासारखा आवाज करून ती श्वास ओढायची. मी तिला कोपराने ढोसायचो. ती कूस बदलायची. मी झोपायचो.

अपघाताच्या आदल्या वर्षीच्या मार्चमध्ये तिचं मेडिकल कार्ड संपत होतं. चालकाला ते लागतंच. डॉक्टरने तपासून सही केली की जास्तीत जास्त दोन वर्षं चालतं. आमचा जुना डॉक्टर निवृत्त झाला होता. त्याच्या जागी डॉक्टर लिंडक्विस्ट नावाची बाई आली होती, चाळिशीची, हळू बोलणारी. मी बाहेर बसलो होतो. वीस मिनिटांनी ग्लेंडा दार अर्धं उघडून बाहेर आली. अंगावर तपासणीचा कागदी झगा तसाच होता.

"वेंडेल, तिने माझी मान मोजली."

"मान कशाला?"

"साडेसोळा इंच भरली. मग विचारलं, दिवसा झोप येते का, झोपेत श्वास थांबतो असं कुणी म्हणालंय का. मी म्हटलं, मुलगी म्हणते. आता ती म्हणते एक रात्र तपासणी करू. निघाला आजार तर रात्री नाकाला हवेचं यंत्र लावायचं. तोपर्यंत पूर्ण कार्ड देणार नाही."

"तू हे सगळं सांगितलंस तिला?"

"तिने विचारलं म्हणून सांगितलं." मग ती हळूच म्हणाली, "करून टाकू या ना. एका रात्रीचा तर प्रश्न आहे. मला बरं वाटलं तर?"

तिचे डोळे अजून आठवतात. तिला आशा वाटली होती. त्या थकव्याला काही नाव आहे, त्यावर काही उपाय आहे, हे तिला पहिल्यांदा कुणीतरी सांगितलं होतं.

मी म्हणालो, "कपडे घाल. तपासणी पुरी व्हायच्या आत निघू."

डॉक्टर लिंडक्विस्ट आमच्यामागे दारापर्यंत आली. म्हणाली, "मिस्टर स्ट्राउड, मी त्यांचं काम काढून घेत नाहीये. रात्री यंत्र लावून झोपणारे शेकडो चालक गाडी चालवतात."

"आभारी आहे," मी म्हणालो. तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

तिथून आम्ही जॉपलिनजवळच्या ट्रकतळावर जेवायला गेलो. तिथे कोपऱ्यातलं मोठं टेबल जुन्या चालकांचं असतं. त्या दिवशी कर्टिस होता आणि डेल होता. मी सगळं सांगितलं.

कर्टिस म्हणाला, "होमरचं काय झालं ठाऊक आहे ना? असंच खरं बोलला. सहा आठवडे घरी बसवला त्याला. मग यंत्र. आता त्या यंत्रातून कंपनीला कळतं हा किती तास झोपला ते. बायकोला कळत नाही तेवढं कंपनीला कळतं."

डेल मोठ्याने हसला. "आणि ते तोंडाला लावून झोपलेलं माणूस बघितलंयस का? हत्तीचं पिल्लू. वेंडेल, मधेच जाग आली तर घाबरून दार उघडून पळशील."

"चालत्या गाडीतून," कर्टिस म्हणाला.

"ग्लेंडा, तू घोरतेस का गं?" डेलने विचारलं. "आमची बायको म्हणते बायका घोरत नाहीत, फक्त जोरात विचार करतात."

सगळे हसले. ग्लेंडाही हसली. मान लाल झाली होती तिची. स्कार्फ वर ओढून घेतला आणि ताटातलं अंडं काट्याने उगाच इकडून तिकडे करत राहिली.

कर्टिस माझ्याकडे वाकला. "पर्व्हिसकडे ने तिला. टायरच्या दुकानामागे. मणके बसवतो आणि कार्डंही देतो. मोजायची टेपच नाही त्याच्याकडे. एकच सांगतो, घोरणं, झोप, थकवा, काही विचारलं तर नाही म्हणायचं. नाही म्हणायला काय लागतं?"

गाडीत बसल्यावर ग्लेंडाने पट्टा लावला. मग म्हणाली, "मला घरी बसवलं तर तू एकटा जाशील?"

"जावंच लागेल. जोडी मोडली की कंपनी मला एकट्याच्या गाडीवर टाकणार."

"मग परत महिन्यातून चार दिवस."

"हो."

"बरं," ती म्हणाली. "जाऊ या त्या पर्व्हिसकडे."

तिला कुणी जबरदस्ती केली नाही. सगळीकडून दारं लावून घेतली आणि एकच उघडं ठेवलं, एवढंच केलं आम्ही.

पर्व्हिस भला माणूस वाटतो. भिंतीवर चालकांनी भेट दिलेल्या टोप्या, टेबलावर पेपरमिंटच्या गोळ्या. बाहेरच्या खोलीत मदतनीस बाईने फळीला लावलेला अर्ज दिला. कागदाचं काम आमच्याकडे नेहमी मीच करायचो. ग्लेंडाचा चष्मा गाडीत राहिला होता. मी प्रश्न वाचत गेलो आणि चौकोनात खुणा करत गेलो. फेफरं, नाही. साखर, नाही. मग आला तो प्रश्न. झोपेचा विकार, झोपेत श्वास थांबणं, दिवसा झोप येणं, मोठ्याने घोरणं. तो मी मोठ्याने वाचला नाही. ‘नाही’च्या चौकोनात खूण केली. फळी तिच्यापुढे धरली आणि बोट ठेवून म्हणालो, "इथे सही."

तिने केली. काय वाचून दाखवलं नाही ते तिला ठाऊक होतं की नव्हतं, ते मला कधीच कळणार नाही.

आत पर्व्हिसने तिला भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली, रक्तदाब घेतला, कानामागे कुजबुजून ऐकू येतं का बघितलं. अर्जावर नजर टाकत म्हणाला, "घोरत नाही ना?"

ग्लेंडा माझ्याकडे बघून म्हणाली, "याला विचारा डॉक्टर. झोपेत मी कुठे असते मला काय माहीत."

"नाही घोरत," मी म्हणालो.

"नशीबवान आहात. माझी बायको छप्पर हलवते." त्याने सही केली. दोन वर्षांचं कार्ड. बारा मिनिटं लागली.

दीड वर्ष ते कार्ड तिच्या पर्समध्ये होतं. फोन होता त्याच पर्समध्ये.

अंत्यविधीनंतर आठवडाभर आमच्या स्वयंपाकघरात चर्चच्या बायकांनी आणलेली झाकलेली भांडी होती. एका सकाळी शेल्बी ती धुऊन कुणाचं कुठलं ते चिकटपट्टीवर लिहीत होती. दार वाजलं. कंपनीच्या सुरक्षा विभागाचा कीटिंग आला होता. चांगला सूट, हातात फुलं आणि एक पिवळं पाकीट.

तो फार नीट बोलला. ग्लेंडाला एकदा नाताळच्या जेवणात भेटलो होतो म्हणाला. मग त्याने पाकिटातून दोन कागद काढले. पहिला पर्व्हिसकडचा अर्ज.

"इथे बघा. ‘नाही’वर खूण आहे. शवचिकित्सेत डॉक्टरांनी घसा आणि हृदय बघितलं. त्यांचं मत आहे की त्यांना हा आजार बरीच वर्षं असावा. म्हणजे तुमच्या पत्नीने तो लपवला. मला वाईट वाटतं सांगायला."

दुसऱ्या कागदावर तीन ओळी होत्या. मला पत्नीच्या कुठल्याही आजाराची कल्पना नव्हती. तिने मला किंवा कंपनीला तसं कधीही सांगितलं नाही. अर्ज तिने स्वतःच्या मर्जीने भरला.

"तुमच्यासाठीच आहे हे," कीटिंग म्हणाला. "तुमचा परवाना, तुमची जागा, सगळं सुरक्षित राहील. खांदा बरा झाला की गाडी तयार आहे."

"ठेवून जा," मी म्हणालो. "उद्या सांगतो."

तो गेल्यावर शेल्बीने नळ बंद केला.

"आई खोटं बोलली?"

मी कीटिंगचा कागद उलटा करून ठेवला.

"बाबा, मी विचारतेय. आईला तर चर्चमध्ये उशिरा पोचलो तरी खोटं कारण सांगता यायचं नाही."

"शेल्बी, आता नको."

"मग कधी?" तिने हात पुसले आणि फोन काढला. "गेल्या नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाला मी तुम्हाला हे पाठवलं होतं. ऐकलंत का तेव्हा?"

पाठवलं होतं. खाली लिहिलं होतं, आईचा ट्रक चढाला लागलाय. मी उत्तरात हसरं तोंड पाठवलं होतं. पूर्ण ऐकलं नव्हतं.

तिने फोन टेबलावर ठेवला, धुतलेल्या भांड्यांमध्ये. ग्लेंडाचं घोरणं ऐकू आलं. शेल्बीचा नवरा मागे हसत होता. मग घोरणं थांबलं. हसणंही थांबलं. काहीच आवाज नव्हता. समोर भिंतीवर घड्याळ होतं, मी सेकंदाच्या काट्याकडे बघत राहिलो. अठ्ठावीस सेकंदं. मग ती पाण्यातून वर यावी तशी श्वास ओढून आली. पुन्हा घोरणं. पुन्हा थांबली. चौतीस सेकंदं. त्या गोष्टीला वर्ष व्हायला आलं होतं, आणि मी तिथे बसून ती श्वास घेते की नाही याची वाट बघत होतो.

"तुम्हाला तेव्हाही सांगितलं होतं मी," शेल्बी म्हणाली. "तुम्ही म्हणालात, तुझी आजीपण अशीच घोरायची आणि अठ्ठ्याऐंशी वर्षं जगली."

"तुझ्या आजीच्या हातात चाळीस टन नव्हते," मी म्हणालो. मग बाकीचंही सांगितलं. डॉक्टर लिंडक्विस्ट, टेबल, पर्व्हिस, तो न वाचलेला प्रश्न. ती ऐकत राहिली. शेवटी एवढंच म्हणाली, "उद्या त्यावर सही करणार आहात तुम्ही?"

पुढचे चोवीस तास मी सगळ्या बाजूंनी विचार केला. सही केली तर ग्लेंडा खोटारडी ठरणार आणि मी गाडीवर जाणार. नाही केली तर खोटारडा मी ठरणार, परवाना जाऊ शकतो, वकील येतील, आणि पुलापलीकडच्या त्या बाईला कळेल की तिच्या बाळाचा जीव कुणाच्या एका खुणेवर टांगला होता. गप्प राहिलो तरी तेच. गावात एव्हाना म्हणत होते की ग्लेंडा फोनवर बोलत असेल. तिच्यावरचा तो डाग काढायचा तर आजाराचं नाव घ्यायला हवं, आणि आजाराचं नाव घेतलं की माझं नाव येतंच. मला असा एकही रस्ता सापडला नाही ज्यावर फक्त तिचं भलं होतं आणि माझं काही जात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कीटिंग आला तेव्हा मी कागद त्याच्यापुढे सरकवला. सहीच्या जागी मी लिहिलं होतं: खूण माझ्या हातची आहे. प्रश्न मी तिला वाचून दाखवला नाही. आजाराची मला कल्पना होती.

त्याने ते वाचलं. "मिस्टर स्ट्राउड, तुम्ही दुःखात आहात. मी दुसरी प्रत आणलीय."

"दुसरीवरही हेच लिहीन."

"तुम्हाला कळतंय ना याचा अर्थ काय होतो?"

"पहिल्यांदाच कळतंय," मी म्हणालो. "आता मी विचारतो. तुमच्याकडे तिच्या चालवण्याचे दोन वर्षांचे तक्ते होते. दोनदा तिने रस्त्याच्या कडेची पांढरी रेघ ओलांडली, अशी गाडीतल्या तुमच्या यंत्राने नोंद केली होती. तुम्ही काय केलंत?"

"त्यांना पत्र पाठवलं होतं. अधिक काळजी घेण्याबद्दल."

"मान मोजली नाहीत?"

"ते आमचं काम नाही. ते डॉक्टरचं काम."

"आणि डॉक्टर म्हणतो ते अर्ज भरणाऱ्याचं काम. आणि अर्ज भरणारा मी."

तो उठला. दारात म्हणाला, "मला व्यक्तिशः फार वाईट वाटतं." मला वाटतं त्याला खरंच वाटत होतं. पण त्या वाटण्याने त्याच्या पाकिटातला कागद बदलत नव्हता.

त्याच आठवड्यात मी डॉक्टर लिंडक्विस्टकडे गेलो. तिला सगळं ठाऊक होतं, लहान गाव आहे. तिने टेप काढली आणि माझी मान मोजली. अठरा इंच.

"तुम्हीही," ती म्हणाली.

एका रात्रीची तपासणी झाली. तासाला एक्केचाळीस वेळा माझा श्वास अडत होता. हवेचं यंत्र मिळालं. पहिले चार दिवस मी ते ओढून काढलं. पाचव्या दिवशी सकाळी उठलो तेव्हा डोकं हलकं होतं. खिडकीबाहेर शेजाऱ्याचं कुंपण दिसत होतं, त्याची एकेक फळी वेगळी. माणूस झोपून उठल्यावर असं असतं हे मी विसरलो होतो. पलंगाच्या काठावर बसलो आणि तिथेच रडलो. यंत्र लहान आहे, बुटांच्या खोक्याएवढं. आमच्या बंकच्या कोपऱ्यात सहज राहिलं असतं. तिला अशी एक सकाळ मिळायला हवी होती. मी तिला ती मिळू दिली नाही.

खांदा बरा झाल्यावर मी ट्रकतळावरच्या त्या टेबलावर गेलो. डेल, कर्टिस आणि आणखी चौघे होते. मी बसलो नाही. पर्व्हिसची बारा मिनिटं सांगितली, माझी खूण सांगितली. काही न झाकता.

कर्टिस म्हणाला, "कशाला स्वतःला कोसतोस? वेळ आली होती तिची."

"वेळ नव्हती आली. श्वास येत नव्हता."

"ऐक माझं. असं बोलत फिरलास तर उद्या सरकार सगळ्यांच्या माना मोजेल. अर्धे घरी बसतील."

"मोजू देत."

"तुझं काय जातंय आता," कर्टिस म्हणाला, आणि लगेच खाली बघायला लागला.

डेलने कप खाली ठेवला. तो उठला, बाहेर गेला. मला वाटलं गेला. पाच मिनिटांनी परत आला तेव्हा त्याच्या हातात करड्या रंगाची पिशवी होती. ती त्याने टेबलावर, कॉफीच्या कपांमध्ये ठेवली आणि चेन उघडली. आत यंत्र होतं. नळी, मास्क, सगळं.

"तीन वर्षं झाली," तो म्हणाला. "सगळ्यांना पाठीचं दुखणं म्हणून सांगितलं. बंकखाली लपवून ठेवतो." कुणी हसलं नाही. तो माझ्याकडे बघत होता. "त्या दिवशी ती इथे बसली होती. मी सांगितलं असतं की मी लावतो आणि मी चालवतो, तर ती लिंडक्विस्टकडे परत गेली असती. मी हत्तीचं पिल्लू म्हणालो."

मी त्याला "असू दे" म्हणालो नाही. म्हणायला हवं होतं कदाचित. त्याच्या पाठीवर हात ठेवला, तेवढं केलं.

आता आम्ही दोघं जातो. कंपन्यांच्या आवारात, ट्रकतळांवर, चर्चच्या तळघरात, जिथे बसू देतील तिथे. डेल यंत्र दाखवतो. मी शेल्बीच्या फोनमधलं ग्लेंडाचं ते घोरणं ऐकवतो. ऐकवण्याआधी शेल्बीला विचारलं होतं. ती म्हणाली, आईला चालकांनी ऐकलं तर बरंच आहे. डॉक्टर लिंडक्विस्ट शनिवारी टेप घेऊन बसते. काही येतात. काही दुरून बघतात आणि टोपी खाली ओढतात. त्यांचं भय मला ठाऊक आहे. म्हणून कंपन्यांना आम्ही एकच मागतो. जो स्वतःहून तपासणीला येईल त्याची गाडी राखून ठेवा, त्याची जोडी मोडू नका. खरं बोलणाऱ्याला घरी बसवणार असाल तर लोक खोटंच बोलतील, आणि नवरे बायकांच्या वतीने बोलतील.

माझा परवाना चौकशीत अडकला आहे. पर्व्हिसविरुद्ध मी दिलेली तक्रार सात महिने कुठल्याशा कचेरीत आहे. पोच आली, उत्तर आलं नाही. परवा त्याच्या दारात अकरा ट्रक उभे होते. रुंद मानेच्या चालकाला झोपेची तपासणी करायलाच हवी असा सक्तीचा नियम अजून नाही. ते तपासणाऱ्याच्या मर्जीवर आहे.

ज्या कंपनीत आम्ही होतो, तिथे नवरा-बायकोच्या एकोणीस जोड्या आहेत. प्रत्येकीला मी पत्र लिहिलं. दोन जोड्यांनी तपासणी करून घेतली. सतरा बाकी आहेत, आणि आज त्या सतराही जोड्या रस्त्यावर आहेत.